शिकागोचा संप आणि आठ तासांचा दिवस

१ मे या तारखेला महाराष्ट्रात दोन दिवस एकत्र येतात. १९६० साली याच दिवशी महाराष्ट्र राज्य अस्तित्वात आले आणि त्याच्या कितीतरी आधीपासून हा दिवस कामगार दिन म्हणून पाळला जात होता. मुंबईच्या हुतात्मा चौकातील स्मारकावर मशाल हाती घेतलेले शेतकरी आणि कामगार शेजारी शेजारी उभे आहेत. कामगार दिनाचे मूळ अमेरिकेतील शिकागो शहरात आहे, हेही बहुतेकांना ठाऊक असते. मात्र तेथे नेमके काय घडले याविषयीची सर्वसाधारण समजूत ढोबळ आहे. १ मे १८८६ रोजी संपकऱ्यांवर गोळीबार झाला, त्यात कामगार मेले आणि त्यातून आठ तासांचा कायदा झाला, असे सांगितले जाते. यातील एकही गोष्ट जशीच्या तशी खरी नाही. १ मे हा दिवस शिकागोत शांततेत पार पडला. रक्त सांडले ते ३ आणि ४ मे रोजी. आणि आठ तासांचा कायदा म्हणाल, तर तो शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये एकोणीस वर्षे आधीच संमत झालेला होता.

कायदा असूनही संप का करावा लागला, या प्रश्नापासूनच ही हकीकत सुरू होते.

१८६७ चा कायदा

दिवसाच्या चोवीस तासांचे तीन सारखे भाग करावेत, एक कामाला, एक विश्रांतीला आणि एक माणसाच्या स्वतःच्या आयुष्याला द्यावा, ही कल्पना ब्रिटनमधील गिरणीमालक आणि समाजसुधारक रॉबर्ट ओवेन याने १८१७ च्या सुमारास मांडली. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथील पाथरवटांनी एप्रिल १८५६ मध्ये काम थांबवून मोर्चा काढला आणि पगार कमी न होता आठ तासांचा दिवस मिळवला. अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यानंतर ही मागणी जोमाने पुढे आली. ठिकठिकाणी 'आठ तास संघ' स्थापन झाले आणि राज्यांच्या विधिमंडळांकडे अर्ज जाऊ लागले.

इलिनॉयच्या विधिमंडळाने मार्च १८६७ मध्ये असा कायदा केला. राज्यपाल रिचर्ड ओगल्सबी यांनी त्यावर स्वाक्षरी केली. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण वीस वर्षांनी ते पुन्हा येणार आहे. १ मे १८६७ पासून कायदा लागू होणार होता. त्या दिवशी शिकागोच्या कामगारांनी वाजतगाजत मोठी मिरवणूक काढली.

पण कायद्यात एक वाक्यांश होता. त्याच्याविरुद्ध करार झालेला नसेल तरच आठ तास हा कायदेशीर दिवस मानला जाईल, असा त्याचा आशय होता. मालकांनी तोच धरला. दहा तास काम करण्यास मी राजी आहे असे लिहून द्या, नाहीतर उद्यापासून येऊ नका, असे कामगारांना सांगण्यात आले. कायदा मोडल्याबद्दल दंडाची तरतूदही नव्हती. कामगारांनी संप केला, परंतु पोलीस आणि महापौर यांनी मालकांची बाजू घेतली. आठवडाभरात संप विरला आणि कायदा पुस्तकात राहिला. पुढच्या वर्षी, १८६८ मध्ये, अमेरिकेच्या काँग्रेसने केंद्र सरकारच्या कामगारांसाठी आठ तासांचा कायदा केला. तेव्हा काही खात्यांनी तास कमी केले आणि त्याच प्रमाणात पगारही कापला. पगार कापू नये असा जाहीरनामा १८६९ मध्ये राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांना काढावा लागला.

या अनुभवाने कामगारांच्या एका पिढीचे मत घडले. कामाचे तास ही मालक आणि एकटा कामगार यांच्यातील खासगी कराराची बाब राहिली, तर कोणताही कायदा निरुपयोगी ठरतो, कारण भाकरीची निकड असलेला माणूस कोणत्याही कागदावर सही करतो.

वाढते शहर

१८७० मध्ये शिकागोची लोकसंख्या सुमारे तीन लाख होती. पुढच्याच वर्षी भीषण आगीने शहराचा मोठा भाग भस्मसात झाला. तरीही १८९० पर्यंत लोकसंख्येने अकरा लाखांचा टप्पा गाठला. रेल्वेमार्ग, कत्तलखाने, लाकडाच्या वखारी आणि शेतीयंत्रांचे कारखाने यांनी हे शहर उभे केले. त्यांत राबणारे हात मुख्यतः जर्मन, आयरिश, बोहेमियन, पोलिश आणि स्कँडिनेव्हियन होते. मजुरांच्या सभा इंग्रजीइतक्याच जर्मन भाषेत होत. दहा तासांचा दिवस आणि सहा दिवसांचा आठवडा हा सर्वसाधारण शिरस्ता होता. अनेक धंद्यांत त्याहून अधिक वेळ काम चाले.

पोलिसांशी असलेले वैरही जुने होते. १८७७ च्या देशव्यापी रेल्वे संपात शिकागोत पोलीस आणि लष्कराच्या कारवाईत सुमारे तीस माणसे मेली. त्याच वेळी फर्निचर कामगार एका सभागृहात मालकांशी वाटाघाटी करत असताना पोलिसांनी आत घुसून लाठ्या आणि गोळ्या चालवल्या. पुढे न्यायालयाने ही कृती सभास्वातंत्र्याचा भंग ठरवली, पण तोवर कामगारांच्या एका गटाने स्वसंरक्षणासाठी शस्त्रे बाळगण्याचा निश्चय केलेला होता. १८८५ च्या घोडाट्राम संपात जॉन बॉनफील्ड या पोलीस अधिकाऱ्याने रस्त्यावरील माणसांना बेछूट झोडपून काढले. त्याच्या लाठीची कीर्ती शहरभर पसरली आणि त्याला बढती मिळाली.

१ मे ही तारीख

अमेरिका आणि कॅनडातील कामगार संघटनांच्या महासंघाचे अधिवेशन ऑक्टोबर १८८४ मध्ये शिकागोत भरले. गॅब्रिएल एडमन्स्टन या सुताराने तेथे ठराव मांडला : १ मे १८८६ पासून आठ तास हाच कायदेशीर कामाचा दिवस राहील. हा ठराव विधिमंडळाला विनंती करणारा नव्हता. अमुक तारखेपासून आम्ही आठच तास काम करू, अशी ती घोषणा होती. १८६७ मध्ये कायद्याने न मिळालेली गोष्ट एकाच दिवशी, देशभर, सामुदायिक नकाराने मिळवायची असा तिचा हेतू होता. १ मे निवडण्याची व्यवहारी कारणेही होती. बांधकाम व्यवसायातील करार आणि घरभाड्याची मुदत या दिवसापासून मोजली जाई.

महासंघ दुबळा होता. त्या काळची सर्वांत मोठी संघटना 'नाइट्स ऑफ लेबर' ही होती आणि १८८६ मध्ये तिची सभासदसंख्या सात लाखांच्या आसपास पोहोचली होती. तिचे नेते टेरेन्स पाउडर्ली यांचा या संपाला विरोध होता. तरीही त्यांच्या शाखांतील हजारो सभासद नेत्याला न जुमानता चळवळीत उतरले.

शिकागोतील अराजकवादीही सुरुवातीला या मागणीबाबत उदासीन होते. मजुरीची पद्धतच नाहीशी करायची असताना दोन तासांची सवलत मागणे त्यांना तडजोड वाटे. पण सामान्य कामगार या मागणीने पेटून उठला आहे हे दिसताच ते त्यात सामील झाले आणि पाहता पाहता शहरातील चळवळीच्या अग्रभागी आले. त्यांत दोन नावे ठळक होती. ऑगस्ट स्पीस हा जर्मनीत जन्मलेला, 'आर्बाइटर त्साइटुंग' या जर्मन दैनिकाचा संपादक. अल्बर्ट पार्सन्स हा दक्षिणेकडील गोरा छपाई कामगार. यादवी युद्धात तो गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्या दक्षिणेच्या सैन्यात लढला होता, आणि युद्धानंतर मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटू लागला. त्याची पत्नी लूसी पार्सन्स ही स्वतः प्रभावी वक्ती होती. या मंडळींची लेखणी जहाल होती, डायनामाइटची स्तुती त्यांच्या पत्रांतून उघडपणे छापली जाई. खटल्याच्या वेळी हेच लेखन त्यांना महाग पडले. त्यांना निष्पाप संत म्हणून रंगवणाऱ्या लेखांतून ही बाजू सहसा गाळली जाते.

शनिवार, १ मे १८८६ रोजी अमेरिकेत सुमारे तीन लाख कामगारांनी काम बंद केले. एकट्या शिकागोत चाळीस हजारांच्या आसपास कामगार संपावर होते आणि मोर्चात त्याहूनही अधिक माणसे सामील झाली. कारखान्यांची धुराडी थंड होती. पोलीस आणि राखीव दले सज्ज ठेवलेली होती, परंतु काहीही घडले नाही. कत्तलखान्यांच्या मालकांनी तर आठ तासांची मागणी मान्यही करून टाकली.

३ मे : मॅकॉर्मिकचे फाटक

कापणीयंत्रे बनवणाऱ्या मॅकॉर्मिक कारखान्यात फेब्रुवारीपासूनच टाळेबंदी होती आणि मालकाने बाहेरून आणलेल्या माणसांकडून, पोलिसांच्या पहाऱ्यात, काम सुरू ठेवले होते. सोमवारी, ३ मे रोजी, कारखान्याजवळच्या मैदानात लाकूड वखारींतील संपकरी मजुरांची सभा होती. स्पीस बोलत असताना कारखान्याची घंटा झाली आणि संपफोडे बाहेर पडू लागले. सभेतील काहीशे माणसे फाटकाकडे धावली. दगडफेक झाली, पोलिसांची कुमक आली आणि गोळीबार झाला. किमान दोन कामगार ठार झाले. स्पीसच्या कानावर सहा मृत्यूंची बातमी आली. संतापाच्या भरात त्याने कचेरीत जाऊन पत्रक लिहिले. त्यावर 'सूड' असा मथळा छापला गेला. तो शब्द आपला नसून जुळाऱ्याने घातला, असे त्याने पुढे न्यायालयात सांगितले.

निषेधासाठी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हेमार्केट चौकात सभा ठरली. सभेच्या पत्रकात कामगारांनी सशस्त्र यावे अशी एक ओळ होती. ती काढल्याशिवाय मी बोलणार नाही, असे स्पीसने बजावले. तेव्हा छपाई थांबवून ओळ काढण्यात आली. पण तोवर काही प्रती छापून झाल्या होत्या आणि त्यांतील काही वाटल्याही गेल्या.

४ मे : हेमार्केट

अपेक्षेपेक्षा गर्दी कमी जमली. दोन-तीन हजार माणसे असावीत. त्यामुळे सभा मुख्य चौकाऐवजी जवळच्या डेस्प्लेन्स रस्त्यावर घेतली गेली आणि एका उभ्या मालगाडीचे व्यासपीठ झाले. ही घोड्यांनी ओढायची चारचाकी गाडी होती. प्रथम स्पीस बोलला, मग पार्सन्स. महापौर कार्टर हॅरिसन स्वतः श्रोत्यांत उभे होते. भाषणे सौम्य आहेत अशी खात्री झाल्यावर ते जवळच्या पोलीस ठाण्यात गेले, गडबड होण्याची चिन्हे नाहीत, जादा पोलीस घरी पाठवावेत, असे बॉनफील्डला सांगून ते स्वतः घरी निघून गेले.

आकाश भरून आले, गार वारा सुटला आणि लोक पांगू लागले. पार्सन्स पत्नी आणि मुलांसह जवळच्या एका दारूगुत्त्यात गेला. गाडीवर सॅम्युअल फील्डेन बोलत होता. हा मूळचा इंग्लंडमधील लँकेशायरचा, लहानपणी कापडगिरणीत राबलेला आणि शिकागोत दगड वाहून पोट भरणारा माणूस. दोन-तीनशे श्रोते उरले होते आणि त्याचे भाषण संपत आले होते. तेवढ्यात, साडेदहाच्या सुमारास, बॉनफील्डने १७६ पोलिसांची फळी रस्त्यावर आणली. कॅप्टन वॉर्डने सभा पांगवण्याचा हुकूम दिला. आम्ही शांततेनेच सभा घेत आहोत, असे म्हणत फील्डेन खाली उतरू लागला. त्याच क्षणी अंधारातून एक बॉम्ब पोलिसांच्या रांगेत येऊन पडला.

मथायस डेगन हा शिपाई जागीच गतप्राण झाला. पोलिसांनी अंधारात चहूकडे गोळ्या झाडल्या. पुढील काही आठवड्यांत मृत पोलिसांची संख्या सातवर गेली आणि सुमारे साठ पोलीस जखमी झाले. अंधारातील त्या गोळीबारात पोलिसांच्याच गोळ्या पोलिसांना लागल्या, असे बहुतेक अभ्यासकांचे मत आहे. निदान चार नागरिक मेले. जखमी नागरिकांची खरी संख्या कोणालाच कळली नाही, कारण अटकेच्या भीतीने लोक रुग्णालयात गेलेच नाहीत. बॉम्ब कोणी टाकला हे आजपर्यंत सिद्ध झालेले नाही.

दुसऱ्याच दिवशी विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहराजवळ, बे व्ह्यू येथे, आठ तासांसाठी निघालेल्या मोर्चावर राज्याच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि सात जण मृत्युमुखी पडले. शिकागोच्या बॉम्बच्या आवाजात ही घटना जवळजवळ बुडून गेली.

खटला

शिकागोत धरपकडीला ऊत आला. छापखाने, सभागृहे आणि घरे वॉरंटाविना झडली. वृत्तपत्रांनी परदेशी कामगारांविरुद्ध आग ओकायला सुरुवात केली. शेवटी आठ जणांवर खटला उभा राहिला : स्पीस, पार्सन्स, फील्डेन, मायकेल श्वाब, अडॉल्फ फिशर, जॉर्ज एंजेल, लुई लिंग आणि ऑस्कर नीबे. यांपैकी स्पीस आणि फील्डेन हे दोघेच बॉम्ब फुटला त्या वेळी जागेवर होते, आणि ते सर्वांच्या डोळ्यांसमोर गाडीपाशी होते. पार्सन्स पोलिसांच्या हाती लागला नव्हता. २१ जून १८८६ रोजी, खटल्याच्या पहिल्या दिवशी, तो आपण होऊन न्यायालयात चालत आला आणि आरोपींच्या शेजारी जाऊन बसला.

ज्युरी निवडण्यासाठी ९८१ जणांची तपासणी झाली. आरोपींविरुद्ध आपले मत आधीच बनले आहे अशी कबुली देणाऱ्यांनाही न्यायाधीश जोसेफ गॅरी यांनी अपात्र ठरवले नाही. सरकारी वकील ज्युलियस ग्रिनेल यांनी आरोपींचे लेख आणि भाषणे वाचून दाखवली. बॉम्ब टाकणारा ओळखता आला नाही तरी चालेल, आरोपींच्या चिथावणीतून आणि कटातून कृत्य घडले असे वाटल्यास दोषी ठरवता येईल, असे ज्युरीला सांगण्यात आले. लिंग बॉम्ब बनवत असे याचा पुरावा मात्र भक्कम होता. टिमोथी मेसर-क्रूझ या इतिहासकाराने २०११ नंतर मूळ कागदपत्रांच्या आधारे, खटला त्या काळच्या मापाने तितकासा अन्यायकारक नव्हता आणि कट खरोखर होता, अशी मांडणी केली आहे. ती सर्वमान्य झालेली नाही. पण नीबेसारख्या माणसाला कोणत्या पुराव्यावर तुरुंगात टाकले, याचे समाधानकारक उत्तर तिच्यातूनही मिळत नाही.

२० ऑगस्टला निकाल लागला. सात जणांना फाशी आणि नीबेला पंधरा वर्षांची सक्तमजुरी. इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर १८८७ मध्ये शिक्षा कायम केली. नोव्हेंबरच्या सुरुवातीला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेप नाकारला.

आता एकच दार उरले होते, राज्यपालांचे. आणि त्या खुर्चीवर पुन्हा रिचर्ड ओगल्सबी बसलेले होते. ज्यांनी १८६७ मध्ये आठ तासांच्या कायद्यावर सही केली, त्यांच्याच टेबलावर आता आठ तासांच्या चळवळीतील माणसांच्या जीवाचे अर्ज आले. लंडनहून जॉर्ज बर्नार्ड शॉ आणि विल्यम मॉरिस, अमेरिकेतून कादंबरीकार विल्यम डीन हॉवेल्स आणि कामगार नेते सॅम्युअल गॉम्पर्स यांनी दयेसाठी रदबदली केली. जो दया मागेल त्याचाच विचार करता येईल, अशी राज्यपालांची भूमिका होती. फील्डेन आणि श्वाब यांनी अर्ज केला. स्पीसने आधी त्यावर सही केली आणि मग माघार घेऊन, फाशी द्यायचीच तर मला एकट्याला द्या, असे कळवले. निरपराध माणसाने दया का मागावी, असे म्हणून पार्सन्सने अखेरपर्यंत नकार दिला. अर्ज केला असता तर त्याचा जीव वाचण्याचा संभव होता, असे त्याच्या मित्रांना वाटत होते.

१० नोव्हेंबरला ओगल्सबी यांनी फील्डेन आणि श्वाब यांची शिक्षा जन्मठेपेवर आणली. त्याच दिवशी लिंगने कोठडीत स्फोटकाची टोपी तोंडात फोडून घेतली आणि काही तासांनी तो मेला. ११ नोव्हेंबर १८८७ रोजी स्पीस, पार्सन्स, फिशर आणि एंजेल यांना फाशी देण्यात आली. दोन दिवसांनी निघालेल्या अंत्ययात्रेला रस्त्यांवर माणसांचा महापूर लोटला होता.

२६ जून १८९३ रोजी नवे राज्यपाल जॉन पीटर आल्टगेल्ड यांनी तुरुंगातील तिघांना मुक्त केले. केवळ दया दाखवून त्यांनी विषय मिटवला नाही. ज्युरी कशी निवडली गेली, पुरावा कसा अपुरा होता आणि न्यायाधीश कसे पक्षपाती होते, याची सविस्तर चिकित्सा त्यांनी लेखी प्रसिद्ध केली. वृत्तपत्रांनी त्यांना अराजकवादी ठरवले आणि १८९६ ची निवडणूक ते हरले. आदल्याच दिवशी शिकागोजवळच्या वाल्डहाइम दफनभूमीत मृतांच्या स्मारकाचे अनावरण झाले होते. हेमार्केटमध्ये मात्र १८८९ पासून उभा होता तो पोलिसाचा पुतळा. १९२७ मध्ये ४ मे रोजीच एक ट्राम रुळांवरून घसरून त्यावर आदळली. १९६९ आणि १९७० मध्ये तो दोनदा स्फोटांनी उडवण्यात आला. अखेर तो तेथून हलवला गेला. सभेच्या जागी, मालगाडीवर उभ्या वक्त्यांचे शिल्प बसायला २००४ साल उजाडले.

तासांचे काय झाले?

बॉम्बने चळवळीचा कणा मोडला. ज्यांनी मेमध्ये आठ तास मान्य केले होते, त्यांतील अनेक मालकांनी काही महिन्यांत शब्द फिरवला. शिकागोच्या कत्तलखान्यांत १८८६ च्या शरद ऋतूत दहा तास परत आले आणि त्याविरुद्धचा संप फसला. पाउडर्ली यांनी आरोपींपासून आपल्या संघटनेला कटाक्षाने दूर ठेवले, तरी तीही झपाट्याने ओसरत गेली.

मागणी मात्र मेली नाही. गॉम्पर्स यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन फेडरेशन ऑफ लेबरने डिसेंबर १८८८ मध्ये १ मे १८९० ही नवी तारीख जाहीर केली. जुलै १८८९ मध्ये पॅरिस येथे भरलेल्या समाजवादी पक्षांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने, अमेरिकी संघटनेने ठरवलेली हीच तारीख आहे म्हणून, सर्व देशांत त्याच दिवशी आठ तासांसाठी निदर्शने करण्याचा ठराव केला. गमतीची गोष्ट अशी, की या ठरावात हेमार्केटच्या मृतांचा उल्लेख नाही. तो संबंध लोकांनी आपल्या स्मरणातून जोडला. खुद्द अमेरिकेत १८९४ मध्ये सप्टेंबरमधला पहिला सोमवार कामगारांची राष्ट्रीय सुट्टी म्हणून ठरवला गेला. त्यामुळे ज्या देशात १ मेचा जन्म झाला तेथे तो सुट्टीचा दिवस नाही.

कराराचा जुना प्रश्नही पुन्हा डोके वर काढत राहिला. आल्टगेल्ड यांच्या कारकिर्दीत १८९३ मध्ये इलिनॉयने कारखान्यांतील स्त्रियांसाठी आठ तासांची मर्यादा घातली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी फ्लॉरेन्स केली या तडफदार बाईंना मुख्य निरीक्षक नेमले. या वेळी कायद्यात पळवाट नव्हती. तेव्हा १८९५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच तो भाग रद्द केला, आणि कारण दिले करारस्वातंत्र्याचे. स्त्रीला हवे तितके तास काम करण्याचा करार करण्याचा हक्क आहे, तो हिरावता येणार नाही! १८६७ मध्ये जो वाक्यांश विधिमंडळाने लिहिला होता, तो आता न्यायालयाने संविधानातून शोधून काढला. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यूयॉर्कच्या बेकरी कामगारांची दहा तासांची मर्यादाही याच तत्त्वावर रद्द ठरवली.

बांध फुटला तो पुन्हा संपाच्या धाकाने. १९१६ मध्ये देशभरातील रेल्वे कामगारांनी संपाची तारीख जाहीर केली, तेव्हा काँग्रेसने घाईघाईने त्यांना आठ तासांचा दिवस दिला. १९३८ च्या कायद्याने बहुतेक उद्योगांसाठी आठवड्याची मर्यादा आधी ४४ तास आणि १९४० पासून ४० तास झाली. त्यापुढील प्रत्येक तासाला दीडपट मजुरी बंधनकारक ठरली, आणि कामगाराने लिहून दिले तरी ती टाळता येत नाही.

मुंबईपर्यंत

शिकागोत एडमन्स्टनचा ठराव झाला त्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १८८४ मध्ये, मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातील मागण्या आज वाचताना मन विषण्ण होते : रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम. आठ तास दूरच, सूर्य मावळल्यावर घरी जाऊ द्या, एवढेच मागणे होते. रविवारची सुट्टी १० जून १८९० रोजी मिळाली. त्यानंतर गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची नैसर्गिक मर्यादाही गेली. १९०५ च्या सुमारास काही गिरण्या पंधरा तासांपर्यंत चालू लागल्या. पुरुषांसाठी बारा तासांची पहिली मर्यादा १९११ च्या कायद्याने आली.

१९१९ मध्ये वॉशिंग्टन येथे भरलेल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने आठ तासांचा दिवस आणि ४८ तासांचा आठवडा हा जागतिक दंडक म्हणून मान्य केला. भारतीय कामगारांचे प्रतिनिधी म्हणून ना. म. जोशी तेथे उपस्थित होते. भारतासाठी मात्र ६० तासांचा अपवाद करण्यात आला. जानेवारी १९२० मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांनी महिनाभर संप करून बारा तासांचे दहा तास करून घेतले. १९२२ च्या कायद्याने आठवड्याला ६० तास, १९३४ च्या कायद्याने ५४ तास असा हळूहळू उतार होत गेला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे मजूरमंत्री असताना ४८ तासांची तयारी झाली. १९४६ च्या दुरुस्तीने आणि मग १९४८ च्या कारखाना कायद्याने ती मर्यादा पक्की केली. भारतात १ मेचा पहिला जाहीर कार्यक्रम १९२३ मध्ये मद्रासला सिंगारवेलू चेट्टियार यांनी घडवून आणला.

१९४८ च्या कायद्यात दिवसाची कमाल मर्यादा नऊ तास होती. सप्टेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने कारखान्यांसाठी ती बारा तासांपर्यंत नेण्याच्या बदलाला मान्यता दिली. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९४८ चा कायदा त्यांपैकी एकीत विलीन झाला. मंत्रिमंडळाच्या निर्णयात जादा कामाची मर्यादा तीन महिन्यांना ११५ तासांवरून १४४ तासांवर नेण्याचेही ठरले होते आणि त्यासाठी एक अट घातलेली होती : कामगाराची लेखी संमती.